ताबेगहाण आणि नजरगहाण

गेल्या वर्षी गणपतीत धाकट्या भावाकडे दर्शनाला गेलो होतो. नवीन पनवेलमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आरती नुकतीच आटोपली होती आणि घरभर उकडीच्या मोदकांचा वास होता. आतल्या खोलीत पुतण्याच्या टेबलावर एक काचेची पेटी होती आणि तिच्यावर भावजयीने जुनी ओढणी टाकून ठेवली होती. ‘भावोजी, त्या पेटीकडे बघू नका. मोदक खा आणि बाहेरच बसा,’ असे तिने बजावले. कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट बघू नका म्हणून सांगितले की काय होते, ते सांगायला नको. मी ओढणी उचलली.

आत तळहाताएवढा एक कोळी बसला होता. काळा, मखमलीसारखा केसाळ, आणि प्रत्येक पायाच्या सांध्यावर शेंदरी पट्टा. हलत नव्हता. पुतण्या मागे येऊन उभा राहिला आणि एखाद्याने आपल्या मुलीची ओळख करून द्यावी तसा म्हणाला, ‘काका, घाबरू नका. मेक्सिकोची आहे. मादी आहे. सांभाळली तर वीस वर्षे जगेल.’ मी मनात हिशेब केला. मी तोवर असेन की नाही सांगता येत नाही.

हा टॅरंटुला. नाव इटलीतल्या तारांतो गावावरून पडलेले, आणि गंमत अशी, की ज्या कोळ्याला तिथे हे नाव होते तो वेगळाच, लांडगा-कोळी म्हणतात त्या जातीचा. त्याच्या दंशावर उतारा म्हणून लोक बेभान नाचत, अशी समजूत होती. युरोपातली माणसे अमेरिकेत गेली, तिथे त्यांना हे केसाळ दांडगे कोळी दिसले आणि जुनेच नाव त्यांनी यांना चिकटवले. नावाबरोबर भीतीही चिकटली. वस्तुतः टॅरंटुलाच्या विषाने माणूस दगावल्याचा खात्रीलायक दाखला नाही. अमेरिकेकडचे बरेचसे टॅरंटुला पोटावरचे बारीक केस उडवतात. ते डोळ्यांत गेले तर त्रास होतो. आपल्याकडच्या, आशियातल्या टॅरंटुलांना हे केस नाहीत. ते थेट चावतात, आणि काहींच्या चाव्याने दिवसेंदिवस स्नायूंत गोळे येतात. म्हणजे खेळणे नव्हे, पण यमदूतही नव्हे.

पेटीत आणखी काय होते? पाण्याची एक वाटी, झाडाच्या सालीचा एक तुकडा, आणि खाली चार बोटे जाडीचा तपकिरी भुसा. तो हातात घेऊन चोळला आणि हसू आले. नारळाच्या सोडणाचा भुसा! जगभरचे शौकीन याच भुशावर हे कोळी पाळतात. मेक्सिकोची मादी कोकणच्या सोडणावर सुखाने बसली होती. आठवड्याला एखादे झुरळ किंवा रातकिडा एवढाच तिचा खर्च. कुत्र्याला फिरवायला न्यावे लागते, पोपट ओरडून शेजाऱ्यांना उठवतो. ही काही मागत नाही. दहा-बारा तास नोकरी आणि लोकल करून येणाऱ्या मुलाने असा सोबती निवडावा, याचे मला नवल वाटले नाही. थोडे वाईट वाटले, इतकेच.

खरी गोष्ट पुढे आहे. दिवाळीच्या आधी पुतण्या माझ्याकडे आला. हातात संगणकावर छापलेले चार कागद. त्याला माझ्याकडून चाळीस हजार रुपये उसने हवे होते. मी बँकेत छत्तीस वर्षे काढली आणि त्यातली निम्मी कर्जविभागात. हे त्याला माहीत असल्याने त्याने रीतसर प्रकल्प अहवालच आणला होता. विषय : घरगुती टॅरंटुला-पैदास. एक नर आणि एक मादी, निळ्या रंगाची. जोडी जमली तर सव्वाशे-दीडशे पिल्ले. प्रत्येकाला अमुक भाव. वर्षाअखेर मुद्दल वजा जाता एवढा नफा. शेवटच्या परिच्छेदात लिहिले होते, की यामुळे एका नामशेष होणाऱ्या जातीचे संवर्धनही होईल.

नफ्याचे आकडे मी नंतर पाहतो. कर्जविभागातला माणूस आधी धंदा समजून घेतो. म्हणून त्याला म्हटले, हे सगळे घडते कसे ते सांग. त्याने जे सांगितले ते ऐकताना मी चहा विसरलो. नर वयात आला की आयुष्यातली शेवटची कात टाकतो. त्यानंतर तो फार काळाचा सोबती नसतो. काही महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष. मादी मात्र वर्षानुवर्षे कात टाकत जगते. नर एक छोटेसे जाळे विणतो, त्यावर वीर्याचा थेंब सोडतो आणि तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांच्या टोकांत तो भरून घेतो. मग मादीच्या दाराशी जाऊन पाय आपटून थाप देतो. ‘मी भक्ष्य नाही, मी पाहुणा आहे’ असे सांगणारी ती थाप. मादीला पटले तर ठीक, न पटले तर पाहुण्याचेच जेवण होते. पुढे मादी रेशमाच्या पिशवीत अंडी घालून ती उराशी धरून बसते. पिल्ले बाहेर आली, की पैदास करणाऱ्याने प्रत्येकाला वेगळ्या बाटलीत ठेवायचे, कारण बहुतेक जातींची पिल्ले एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात. दीडशे बाटल्या, दीडशे झाकणांना सुईने भोके, दीडशे पाण्याचे थेंब आणि दीडशे चिमुकले किडे. ही मेहनत आहे, चेष्टा नाही. मुलगा आळशी नाही एवढे माझ्या लक्षात आले.

हेही मान्य केले पाहिजे, की टॅरंटुला कात कशी टाकतो, जोडी कशी जमते, पिल्ले किती दिवसांत होतात, यातले पुष्कळसे ज्ञान जगाला अशा घरगुती शौकिनांच्या वह्यांतून मिळाले आहे. प्रयोगशाळांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवली होती, त्यांच्यासाठी या लोकांनी रात्री जागवल्या.

असो. मग मी बँकेतला पहिला प्रश्न विचारला. ही निळी जोडी कुठली?

‘युरोपातून मागवायची,’ तो म्हणाला. ‘मूळची आपलीच आहे. आंध्रची.’

इथे मला थोडे थांबून त्या निळ्या कोळ्याची हकिकत सांगितली पाहिजे. आपल्याकडची मंडळी रेल्वेने तिरुपतीला जातात तेव्हा गुंटकलनंतर गुत्ती नावाचे स्टेशन लागते. तिथल्या रेल्वेच्या लाकूडवखारीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक विलक्षण निळा कोळी सापडला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या रेजिनल्ड पोकॉक यांनी १८९९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला पोएसिलोथेरिया मेटालिका असे नाव दिले. त्याचा निळा रंग हा रंगद्रव्याचा नव्हे. केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून तो उमटतो. पोकॉक यांच्यानंतर शंभर वर्षे हा कोळी पुन्हा कोणाला दिसला नाही. दिसणार कसा? तो वखारीचा रहिवासी नव्हताच. तोडलेल्या झाडाच्या ढोलीत बसून तो तिथवर आला होता. घर तोडून गाडीत भरले तेव्हा भाडेकरूही आत होता, असा तो प्रकार. २००१ मध्ये गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूरच्या दरम्यानच्या जंगलात तो पुन्हा सापडला. जंगल लहानसे आणि तुटक. लाकूडफाट्यासाठी रोज थोडे थोडे कमी होणारे. २००८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली, आणि २०१२ मध्ये जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या शंभर जीवांची यादी प्रसिद्ध झाली तीत आपला हा आंध्रचा कोळी होता.

त्याच सुमारास दुसरीकडे काय चालले होते? पुन्हा सापडल्यावर काही वर्षांतच तो युरोप-अमेरिकेतल्या शौकिनांच्या पेट्यांत पोचला. सुरुवातीला एकेका कोळ्याला शेकडो डॉलर मोजले गेले. आज तिकडे त्याची पैदास सर्रास होते. म्हणजे ज्याला स्वतःच्या झाडावर जागा उरली नाही, त्याची संतती परदेशात प्लॅस्टिकच्या डब्यांत सुखाने वाढते आहे. आणि पनवेलचा एक मुलगा तो कोळी पुन्हा भारतात आणायला माझ्याकडे चाळीस हजार मागतो आहे.

मी त्याला म्हटले, ‘जमीन तारण घेताना आम्ही सर्च रिपोर्ट मागवायचो. तीस वर्षांचे फेरफार बघायचो. विकणाऱ्याकडे ती कशी आली, त्याच्या आधीच्याकडे कशी आली. तुझ्या या जोडीचा सात-बारा दाखव.’

तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘काका, ती तिकडेच जन्मलेली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या.’

‘मान्य. पण पहिली जोडी भारतातून कोणाच्या सहीने बाहेर पडली? ती नोंद कुठल्या डब्यावर आहे? आणि आजही एखाद्याने रानातून धरलेली मादी त्याच डब्यात घालून ‘घरी पैदास केलेली’ अशी चिठ्ठी लावली, तर तुला ओळखता येईल?’

‘नाही,’ तो प्रामाणिकपणे म्हणाला.

माझ्या मते या सगळ्या छंदाची मेख इथे आहे. पैदास करणारे म्हणतात, आम्ही घरी पिल्ले काढतो म्हणून रानातल्या कोळ्यांवरचा भार कमी होतो. यात तथ्य नाही असे नाही. जी जात घरोघरी स्वस्तात मिळते तिच्यासाठी रानात कोण हिंडेल? पण बाजाराचा स्वभाव मी बँकेच्या काउंटरवरून पाहिला आहे. शौकीन माणसाला स्वस्त झालेले नको असते, नवीन हवे असते. ज्या जातीचे नाव कालच शास्त्रीय मासिकात छापून आले तिलाच आज मागणी असते, आणि तिची पैदास अजून कोणाच्या घरी झालेली नसते. ती रानातूनच यावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरूच्या विमानतळावर अंगाला बांधून तीनशे वीस टॅरंटुला नेणारा प्रवासी पकडला गेला. २०२५ मध्ये जर्मनीत कोलोन-बॉन विमानतळावर व्हिएतनामहून आलेल्या केकच्या खोक्यांत सुमारे दीड हजार पिल्ले निघाली, पुष्कळशी मेलेली. आपणही यात मागे नाही. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या कस्टम्सने पोलंडहून आलेले एक पार्सल उघडले, तर आत चंदेरी कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या छोट्या कुप्यांमध्ये १०७ जिवंत कोळी होते. त्यांत माझ्या पुतण्याच्या पेटीतल्या मादीचे जातभाईही होते. ते पार्सल परत पाठवण्यात आले.

कायदाही आता झोपलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ याद्यांत वाघ-बिबळ्या होते, कोळ्याची आठवण कोणाला झाली नव्हती. मेक्सिकोच्या शेंदरी गुडघ्यांच्या कोळ्याला मात्र १९८५ मध्येच आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटिस’ कराराचे संरक्षण मिळाले, कारण शौकिनांनी त्याला रानातून भरमसाट उपसले होते. आपल्या पोएसिलोथेरियांना ते मिळायला २०१९ उजाडले. अमेरिका आणि श्रीलंका यांनी प्रस्ताव मांडला आणि अख्खी प्रजाती दुसऱ्या परिशिष्टात गेली. २०२२ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती होऊन सायटिसच्या याद्यांना देशातच बळ आले आणि २०२४ च्या नियमांनी असे प्राणी जवळ बाळगणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली. प्राणी कोणाकडे आहे, कोणाला दिला, पिल्ले झाली का, मेला का, हे सारे कळवायचे. मला हे वाचून बरे वाटले. ही खतावणीच आहे. प्रत्येक नोंदीला समोरची नोंद हवी, एवढेच तिचे म्हणणे.

‘आणि संवर्धनाचे काय?’ पुतण्याने शेवटचा मुद्दा काढला. ‘उद्या नंद्यालचे जंगल गेले, तर निदान आमच्या डब्यांत तरी तो शिल्लक राहील ना?’

या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही आणि मी ते सोपे करून सांगणार नाही. शिल्लक राहील, हे खरे. पण कशासाठी? डब्यातली पिल्ले चार-दोन आईबापांची, एकमेकांत मिसळलेली, कोणती कुठली याचा पत्ता नसलेली. त्यांना परत सोडायचे तर रान हवे. जुनी, उंच, ढोली असलेली झाडे हवीत. रान हे मुद्दल आहे आणि कोळी हे व्याज. मुद्दल बुडाल्यावर व्याजाच्या पावत्या जपून ठेवणाऱ्याला आम्ही भाबडा ठेवीदार म्हणत असू. पनवेलकरांना हे वेगळे सांगायला नको. उलव्याची टेकडी सपाट होताना आपण पाहिली. नदीचा प्रवाह वळवलेला पाहिला. गावेच्या गावे उठली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या जागेवरच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा मीही टीव्हीसमोर कौतुकाने बसलो होतो. विमानतळ नको होता असे मी म्हणत नाही. पण त्या टेकडीच्या मातीत आणि झाडांत कोण कोण राहत होते याची मोजदाद कोणी ठेवली? त्यातले किती कोणाच्या डब्यात शिल्लक राहिले?

जाता जाता मी त्याला दोन माणसांची गोष्ट सांगितली. एक आपल्या जिल्ह्यात घडलेली. १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सालिम अली राहत होते. नोकरी नव्हती. घराजवळ सुगरणींची घरटी होती. त्यांनी पिंजरा आणला नाही. दिवसामागून दिवस घरट्यांसमोर बसून राहिले आणि सुगरणीचा नर एका मागोमाग एक घरटी बांधून एकाहून अधिक संसार कसे थाटतो, हे त्यांनी जगाला सांगितले. दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातली. बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ मध्ये तिथल्या रानात कोळ्यांच्या बिळांना क्रमांक द्यायला सुरुवात केली. हे कोळी टॅरंटुलाचे दूरचे भाऊबंद, जमिनीत बीळ करून दाराशी दबा धरणारे. सोळा क्रमांकाची मादी त्याच बिळात त्रेचाळीस वर्षे जगली. २०१६ मध्ये एका गांधीलमाशीने तिचा घात केला, हे कळले ते बिळाचे दार भोसकलेले दिसले तेव्हा. जगात नोंद झालेला सर्वांत दीर्घायुषी कोळी हा. तो कोणाच्या पेटीत नव्हता. एक बाई वर्षानुवर्षे त्याच्या दाराशी जाऊन, आहे की नाही एवढे बघून परत येत होती.

आमच्या बँकेच्या भाषेत गहाणाचे दोन प्रकार. ताबेगहाणात वस्तू बँकेच्या कपाटात येते. सोन्याच्या बांगड्या येतात तशी. नजरगहाणात वस्तू मालकाकडेच राहते, बँकेची तिच्यावर फक्त नजर असते. अधूनमधून जाऊन पाहायचे, आहे ना, नीट आहे ना, आणि वहीत टिपायचे. नवे अधिकारी ताबेगहाणावर खूष असत, कारण किल्ली आपल्या खिशात. मुरलेल्यांना ठाऊक असे, की चालू गिरणी, उभे पीक, दुभती म्हैस कपाटात ठेवता येत नाही. ठेवली तर मरते. तिच्यावर नजरच ठेवावी लागते, आणि त्यासाठी उन्हातान्हात पायपीट करावी लागते. माणसाचे निसर्गावरचे प्रेम फार काळ ताबेगहाणाचे राहिले. ते नजरगहाणाचे झाले पाहिजे, एवढेच मला म्हणायचे आहे.

प्रकरण नामंजूर केले. कागदावर तसा शेरा मारून सही केली, तेव्हा मुलगा हसला, पण चेहरा उतरला होता. मेक्सिकोच्या मादीचे काय करायचे हा प्रश्न उरला. मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून ती तीन वर्षांपूर्वी आणली होती. पावतीही नव्हती. भावजय म्हणाली, कर्नाळ्याला नेऊन सोडा. हा सल्ला अनेक घरांत दिला जातो म्हणून मुद्दाम लिहितो : असे कधीही करू नये. परक्या मुलखातला प्राणी आपल्या रानात सोडणे हा त्याच्यावर आणि रानावर, दोघांवर अन्याय आहे. पुतण्याने वनखात्याला लेखी कळवले आहे. ते सांगतील तसे होईल. नेऊ म्हणाले तर तो रडेल, हे मला माहीत आहे. तीन वर्षे त्याने तिच्या वाटीत रोज पाणी भरले आहे. प्रेम खोटे नव्हते. फक्त त्याला कागद नव्हते.

चाळीस हजार दिले नाहीत, पण एक चांगली दुर्बीण आणि एक वही त्याला घेऊन दिली. मग डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही दोघे कर्नाळ्याला गेलो. पायथ्याच्या वाडीतला ओळखीचा एक ठाकर गडी बरोबर होता. पायवाटेच्या कडेला मातीची उभी दरड होती. तिच्यात दोन रुपयांच्या नाण्याएवढे एक भोक, आणि भोकाच्या कडेला पांढरट रेशमाचे अस्तर. गडी म्हणाला, ‘हाय आत. बसा गप.’

माझे गुडघे काही उकिडवे बसू देईनात, म्हणून मी दगडावर टेकलो. पुतण्या पाऊण तास त्या भोकासमोर बसून होता. वरच्या झाडांत हळद्या ओरडत होता, खाली महामार्गावर ट्रक घरघरत होते. शेवटी अंधाऱ्या तोंडाशी काहीतरी हलले. दोन केसाळ पायांची टोके बाहेर आली, रेशमावर टेकली, आणि तशीच राहिली. एवढेच. बाकीचे सहा पाय, तो नर की मादी, जात कोणती, काही कळले नाही.

आम्ही निघालो तेव्हा त्याने वहीत तारीख लिहिली, जागा लिहिली, आणि खाली लिहिले : ‘आहे.’ पुढच्या महिन्यात पुन्हा येऊन बघू, असे तो स्वतःच म्हणाला.